कायद्याचा अभ्यास करताना: कलम कुठे शोधायचं, निवाडा कसा वाचायचा, अडलं तर कुणाकडे जायचं

एक प्रश्न समोर ठेवून सुरुवात करू. एक बाई पोलीस ठाण्यात जाते. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, गुन्हा घडल्याचं सांगते. ठाणे अंमलदार म्हणतो, "अर्ज देऊन जा, चौकशी करून बघतो." गुन्हा नोंदवून घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे की नाही?

कायद्याच्या पहिल्या वर्षातल्या बहुतेक मुलामुलींना हा प्रश्न विचारला, तर हात गाईडकडे जातो, नाहीतर थेट मोबाइलवर. उत्तर मिळतंही, दोन ओळींचं. पण ते कुठून आलं, आज लागू आहे का, त्याला अपवाद कोणते, हे विचारलं की सगळे गप्प. मी गेली काही वर्षं वकिलीसोबत विद्यार्थ्यांनाही शिकवतो आहे, आणि माझा अनुभव असा, की मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. मूळ मजकुरापर्यंत जायची वाट त्यांना कुणी दाखवलेली नसते. ही वाट जवळजवळ सगळी फुकट आहे. वरचा प्रश्न हाताशी धरून तीच एकेक पायरी चालून बघू.

पहिली पायरी: कलम, आणि तेही मूळचं

आधी कायदा उघडायचा. केंद्र आणि राज्यांचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर मोफत आहेत, दुरुस्त्यांसह. छापील बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याशिवाय नुसता कायद्याचा मजकूर, जवळ असावाच, कारण पान उलटताना मागचं-पुढचं कलम नजरेखालून जातं आणि कायद्याची रचना डोक्यात बसते. मात्र प्रत कोणत्या वर्षाची आहे ते बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता १८६०, फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ आणि पुरावा कायदा १८७२ यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्त मिळालेली प्रत इथेच दगा देते.

सगळ्यांच्या तोंडी असलेला खुनाचा ३०२ आता न्याय संहितेत १०३ आहे. ४२० गेला ३१८च्या चौथ्या पोटकलमात. अटकपूर्व जामिनाचा ४३८ सुरक्षा संहितेत ४८२ झाला, आणि उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचा जुना ४८२ आता ५२८. हा शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण '४८२खाली अर्ज' हे शब्द जुन्या आणि नव्या निवाड्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतात. शिवाय जुने कायदे पुसले गेलेले नाहीत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते, आणि त्या दिवशी चालू असलेले तपास व खटले सुरक्षा संहितेच्या कलम ५३१नुसार जुन्याच प्रक्रियेने पुढे जातात. कोर्टात अजून बराच काळ दोन्ही पुस्तकं टेबलावर असणार आहेत, म्हणून दोन्ही शिका.

आता आपला प्रश्न. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १५४मध्ये होता, आता सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये आहे. ते उघडा आणि हळू वाचा. पहिल्या पोटकलमात खबर तोंडी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, आणि गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याने फरक पडत नाही. तोंडी दिलेली खबर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली असेल, तर तीन दिवसांत सही हवी. दुसऱ्या पोटकलमात तिची प्रत विनामूल्य द्यायची आहे. तिसऱ्यात एक नवी गोष्ट आहे, जी १५४मध्ये नव्हती. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ. चौथ्यात, नोंद करून घ्यायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जायची वाट दिली आहे.

वाचताना पेन्सिल हातात घ्या. 'शाल' (इंग्रजी shall, म्हणजे करायलाच हवं) कुठे आहे आणि 'मे' (may, म्हणजे करता येईल) कुठे, याला गोल करा. 'परंतु' ने सुरू होणारं प्रत्येक परंतुक वेगळं अधोरेखित करा, कारण नियम देताना जे दिलेलं असतं ते बऱ्याचदा परंतुकात काढून घेतलेलं असतं. एखादा शब्द ओळखीचा वाटला तरी व्याख्येच्या कलमात तो आहे का बघा. आणि शेजारची दोन कलमं वाचल्याशिवाय एकही कलम संपलं असं समजू नका.

दुसरी पायरी: निवाडा शोधणं

कलम वाचून 'शाल' दिसला, पण पोलिसांना आधी चौकशी करायची मुभा आहे का, याचं उत्तर पूर्ण मिळालं नाही. आता निवाडे.

सायटेशन, म्हणजे निवाडा कुठे छापला आहे ते सांगणारा संदर्भ, वाचता आलं की अर्धं काम होतं. '(२०१४) २ एससीसी १' म्हणजे २०१४ सालचा, सुप्रीम कोर्ट केसेसचा दुसरा खंड, पान १. 'एआयआर १९७३ एससी १४६१' म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, १९७३, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान १४६१. हा आपला केशवानंद भारती, संविधानाच्या मूलभूत चौकटीचा प्रसिद्ध निवाडा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच प्रत्येक निकालाला क्रमांक देतं, त्यात वर्षानंतर 'आयएनएससी' ही अक्षरं असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'बीएचसी' असतं आणि पुढे अपिलीय शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद की गोवा हे कळतं. कोणत्याही प्रकाशकाची वर्गणी नसली तरी या क्रमांकावरून निकाल सापडतो.

शोधायचं कुठे? सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल 'ई-एससीआर'वर जानेवारी २०२३ पासून सर्वांना मोफत खुले आहेत. रोजच्या शोधासाठी 'इंडियन कानून' सोयीचं पडतं. ते २००८ पासून आहे, उच्च न्यायालयांचे निकालही त्यावर मिळतात, आणि एखादा निवाडा पुढे कोणत्या निवाड्यांत आला तेही दिसतं. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र यांना वर्गणी लागते, पण तुमच्या महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने ती भरलेली असू शकते. ग्रंथपालांना जाऊन विचारा. वर्गणी भरलेली आणि पाच वर्षांत लॉगिनच न मागितलेले विद्यार्थी, हे चित्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

नुसतं 'एफआयआर पोलीस' असं टाकलंत तर हजारो निकाल अंगावर येतील. कलमातलेच नेमके इंग्रजी शब्द अवतरण चिन्हांत घाला, सोबत कलमाचा आणि कायद्याचा उल्लेख करा, आणि आधी फक्त सर्वोच्च न्यायालय निवडा. तीन-चार निकाल उघडले की दिसेल, सगळे एकाच नावाकडे बोट दाखवतात: ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार. वारंवार येणारं असं नाव दिसलं की बाकीचे बंद करून ते उघडायचं.

तिसरी पायरी: निवाडा वाचणं

इथे घाई करू नका. सगळ्या अभ्यासात सर्वात जास्त वेळ देण्यासारखी जागा हीच आहे.

आधी तारीख आणि पीठ लिहून घ्या. १२ नोव्हेंबर २०१३, पाच न्यायमूर्ती. पाच जणांचं घटनापीठ का बसवावं लागलं? कारण याच प्रश्नावर आधीचे निवाडे एकमेकांशी जुळत नव्हते. काही म्हणत नोंद सक्तीची, काही म्हणत आधी थोडी चौकशी चालेल. निवाडा कोणत्या गुंत्यातून जन्मला हे कळलं की पुढचं वाचणं सोपं जातं.

मग वस्तुस्थिती, दोनच ओळींत. अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची लेखी तक्रार दिली, कारवाई झाली नाही, अधीक्षकांकडे गेल्यावर नोंद झाली, तरीही पावलं उचलली गेली नाहीत. मग प्रश्न, एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्हासह. एका वाक्यात मावत नसेल, तर आपल्याला तो अजून कळलेला नाही.

आता कारणमीमांसा. न्यायालयाने १५४मधल्या 'शाल'वर भर दिलाच, पण त्याहून सुंदर एक मुद्दा आहे. अटकेच्या कलम ४१मध्ये 'वाजवी तक्रार', 'विश्वसनीय माहिती' असे शब्द होते. १५४मध्ये नुसतं 'माहिती' होतं, विशेषण नाही. म्हणजे कायदेमंडळाला हे विशेषण ठाऊक होतं आणि इथे ते मुद्दाम घातलेलं नाही. तेव्हा माहिती विश्वसनीय आहे की नाही हे तपासून मग नोंद करू, असं पोलिसांना म्हणता येत नाही. एक शब्द नसण्यातून केवढा मोठा अर्थ काढला! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कलम ४१ उघडून स्वतः खात्री केली होती. तुम्हीही करा. निवाड्यात ज्या कलमाचा आधार घेतला आहे ते शेजारी उघडं ठेवून वाचणं, हीच खरी शिकवणी.

शेवटी आठ निष्कर्ष दिले आहेत. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद बंधनकारक. होतो की नाही हेच स्पष्ट नसेल, तर तेवढ्यापुरती प्राथमिक चौकशी. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहारांतले गुन्हे, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार, फार उशिरा आलेली तक्रार, अशा काही प्रकारांत चौकशीला जागा ठेवली आहे.

हे सगळं एका पानावर उतरवा, स्वतःच्या शब्दांत. हेडनोट उतरवू नका. हेडनोट म्हणजे निवाड्याच्या आधी छापलेला सारांश, आणि तो संपादकाने लिहिलेला असतो. ती निवाड्याचा भाग नव्हे आणि कधी कधी चुकतेही. निकालाला ज्या कारणाशिवाय पुढे जाताच आलं नसतं ते बंधनकारक तत्त्व, आणि जाता जाता मांडलेलं मत वेगळं, हा भेद समासात खुणेने दाखवा. सुरुवातीला चुकेल. दहा-बारा निवाडे झाले की हात बसतो.

चौथी पायरी: निवाडा आज जिवंत आहे का

माझ्या पहिल्या मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेत, मी एका उच्च न्यायालयाच्या निवाड्यावर सगळा युक्तिवाद उभा केला होता. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हा अपिलात टिकला का?" मी बघितलंच नव्हतं. तो चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. माझ्या जोडीदाराची महिनाभराची मेहनत त्या एका प्रश्नात गेली, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून निवाडा वहीत घेण्याआधी तो पुढे कुठे कुठे आला आहे, ही यादी मी उघडतोच.

ललिता कुमारीचंच बघा. मूळ निकालात प्राथमिक चौकशीला ७ दिवसांची मुदत होती. मार्च २०१४मध्ये न्यायालयाने ती बदलून साधारणपणे १५ दिवस, आणि अपवादात्मक प्रसंगी कारणं नोंदवून सहा आठवडे केली. तरीही उत्तरपत्रिकांत आजही '७ दिवस' सापडतात. आणि आता मघाशी बाजूला ठेवलेलं १७३चं तिसरं पोटकलम: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, पोलीस उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे जुन्या कलमावर उभ्या राहिलेल्या निवाड्याशेजारी कायदेमंडळाने नवा अपवाद ठेवला. मार्च २०२५मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पोटकलमाचा अर्थ लावला, तोही वाचावा लागेल. एवढं झाल्यावरच आपल्या ठाणे अंमलदाराला उत्तर देता येतं: गुन्हा कोणता, शिक्षा किती, परवानगी घेतली का?

पिठाचा आकारही बघा. अनुच्छेद १४१नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, पण दोघांचं पीठ पाचांचा निवाडा मोडू शकत नाही. आणि काही निवाडे मोडायला दशकं लागतात. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असं म्हणणारा १९७६चा एडीएम जबलपूर हा निवाडा २०१७मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला.

टीकाग्रंथ, अहवाल, प्रबंध

टीकाग्रंथ, म्हणजे कायद्यावर भाष्य करणारी पुस्तकं, चौथ्या पायरीनंतर उघडा, आधी नाही. स्वतःचं मत बनल्यावर तो वाचला तर त्याच्याशी वाद घालता येतो. संविधानाच्या अनुच्छेदावर लिहायचं असेल तर संविधान सभेतली चर्चा जरूर वाचा. ९ डिसेंबर १९४६ पासूनची भाषणं जालावर मोफत आहेत. एखादं कलम असं का लिहिलं, हे विधी आयोगाच्या अहवालांत सापडतं. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर, आणि पदव्युत्तर पातळीचे धडे 'ई-पीजी पाठशाला'वर. प्रबंधातला मजकूर उचलू नका, त्याची संदर्भसूची वापरा. ती सोन्यासारखी असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल एवढंच सांगतो: न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न तपासता न्यायालयात दाखल केले, ते अस्तित्वातच नव्हते, आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. अवघड परिच्छेद समजून घ्यायला ही साधनं वापरा. निवाड्याचं नाव त्यांच्याकडून आलं, तर तो स्वतः उघडून वाचेपर्यंत वहीत लिहू नका.

भाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी हा भाग थोडा सविस्तर लिहितो आहे. अनुच्छेद ३४८मुळे वरच्या न्यायालयांचा कारभार इंग्रजीत चालतो, आणि म्हणून इंग्रजी टाळता येणार नाही. पण महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, सरतपास, उलटतपास, पुरसीस, हुकूमनामा, दरखास्त, मुद्देमाल, वकीलपत्र, रोजनामा हे शब्द तिथे दिवसभर कानावर पडतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ते नव्याने शिकावे लागतात. तुमच्यापैकी कित्येकांनी घरातल्या जमिनीच्या वादात लहानपणीच ऐकलेले असतात. ही तुमची पुंजी आहे.

भाषा संचालनालयाचा 'न्याय व्यवहार कोश' जवळ ठेवा. संचालनालयाचे शब्दकोश जालावरही आहेत. संविधानाची मराठी आवृत्ती इंग्रजीच्या शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद वाचा, आधी मराठी, मग इंग्रजी, मग पुन्हा मराठी. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांची मराठी भाषांतरं मिळतात. ती समजून घेण्यासाठी आहेत. उद्धृत करायचा तो इंग्रजी मजकूर, कारण अधिकृत तोच. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. लिहायची असेल तर अभिमानाने लिहा, मात्र निवाड्यांची नावं आणि मुख्य संज्ञा इंग्रजीतही पाठ ठेवा.

कोर्टात जाऊन बसा

बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. प्रमाणपत्रापुरती ती करू नका. तालुका कोर्टातल्या एखाद्या दिवाणी वकिलाकडे महिनाभर राहिलात तर वकीलपत्र कसं भरतात, नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, कसा वाचायचा, तारीख का पडते हे सगळं कळतं. पहिल्या दिवशी एकच प्रकरण मागून घ्या आणि त्याची फाइल पहिल्या कागदापासून वाचा. त्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) 'ई-कोर्ट्स'च्या ॲपमध्ये टाकून ठेवला, की महिना संपल्यावरही त्याचं पुढे काय झालं ते दिसत राहतं.

महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र असेल तर त्यात नाव द्या. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळतो, आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सुरुवातीच्या प्रश्नातल्या बाईंनाही हा हक्क आहे. त्यांना तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० हा क्रमांक सांगता आला, तरी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने खरं काम केलेलं असतं.

पैसे, ताण आणि सनद

शिष्यवृत्त्यांसाठी 'महाडीबीटी' संकेतस्थळ दरवर्षी प्रवेश झाल्या झाल्या तपासा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं या गोष्टी आधीच तयार ठेवा. अर्ज बहुतेक कागदांसाठीच अडतात.

कायद्याच्या अभ्यासात एकटेपणा फार येतो, विशेषतः वसतिगृहात, मूट हरल्यावर, पेपर राहिल्यावर. झोप उडाली असेल, मन लागत नसेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं. एखाद्या शिक्षकाला किंवा वरच्या वर्गातल्या ताईदादाला सांगा. तीन-चार जणांनी मिळून आठवड्याला एक निवाडा वाचायचा गट केला, तर अभ्यासही होतो आणि कुणी एकटं मागे राहत नाही.

सनद घेताना वकील अधिनियम १९६१च्या कलम २४मध्ये ठरलेलं शुल्क सर्वसाधारण उमेदवारांना एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्यावर मुद्रांक शुल्क असेल तेवढंच. राज्य बार कौन्सिलला याहून जास्त नावनोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात ठरवलं. जास्त मागितले तर हा निवाडा दाखवा.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. तिथे बेअर ॲक्ट सोबत नेता येतो, पण त्यावर टिपा किंवा भाष्य चालत नाही. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली तुमची पहिल्या वर्षाची प्रत घरी ठेवा आणि परीक्षेसाठी मुख्य कायद्यांची एक कोरी, चालू वर्षाची प्रत वेगळी घ्या.